भांडवलशाही आणि समाजवाद : पेण-रोह्याच्या ताळेबंदात

पेण/रोहा, प्रतिनिधी

भांडवलशाही आणि समाजवाद या दोन अर्थव्यवस्थांची चर्चा बहुधा मॉस्को, वॉशिंग्टन आणि बीजिंग यांच्या संदर्भात केली जाते. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या शेजारी तालुक्यांनी मात्र गेल्या शतकात या दोन्ही व्यवस्थांचा अनुभव आपल्याच जमिनीवर घेतला आहे. भूदान चळवळीचे प्रणेते विनोबा भावे यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे गावी झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळातील अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे. सरकारने उभारलेला पेट्रोरसायन प्रकल्प खासगी मालकीकडे गेला तो रोहा तालुक्यातील नागोठण्यात, तर विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही यावर शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला तो पेण तालुक्यात. त्यामुळे या दोन व्यवस्थांची तुलना करण्यास हा परिसर सोयीचा ठरतो.

मूळ भेद कोणता?

कोणत्याही अर्थव्यवस्थेला चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. जमीन, कारखाने आणि भांडवल यांची मालकी कोणाची? काय व किती पिकवायचे, बनवायचे याचा निर्णय कोणाचा? नफा कोणाच्या पदरात पडणार? आणि तोटा झाला तर तो कोणी सोसायचा?

भांडवलशाहीत उत्पादनसाधने खासगी मालकीची असतात. निर्णय बाजारातील किमती पाहून घेतले जातात, नफा भांडवल गुंतविणाऱ्याला मिळतो आणि तोटाही तत्त्वतः त्यानेच सोसायचा असतो. ॲडम स्मिथ यांच्या १७७६ मधील ग्रंथाने या विचाराला शास्त्राची बैठक दिली. समाजवादात उत्पादनसाधनांची मालकी समाजाकडे, व्यवहारात बहुधा शासनाकडे असते. उत्पादनाचा निर्णय नियोजनाने होतो आणि वाढावा सर्वांच्या गरजांसाठी वापरला जावा अशी अपेक्षा असते. कार्ल मार्क्स यांच्या 'भांडवल' ग्रंथाचा पहिला खंड १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२८ पासून सोव्हिएत संघाने पंचवार्षिक योजनांचा प्रयोग सुरू केला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला.

दोन्ही बाजूंचे आक्षेपही जुने आहेत. श्रम करणाऱ्याला त्याच्या श्रमाचे पूर्ण मोल मिळत नाही आणि संपत्ती थोड्यांच्या हाती साचते, हा समाजवाद्यांचा भांडवलशाहीवरील आक्षेप. लाखो लोकांच्या गरजा आणि साधने यांची माहिती कोणत्याही एका नियोजन कार्यालयात गोळा होऊ शकत नाही, ती किमतींतूनच कळते, हा लुडविग फॉन मिझेस आणि फ्रेडरिक हायेक यांचा समाजवादी नियोजनावरील आक्षेप.

खोत, कूळ आणि मालक

रायगड म्हणजे १९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा. येथील भातशेतीवर दीर्घकाळ खोतांचे वर्चस्व होते. जमीन कसणारा कूळ आणि उत्पन्नाचा मोठा वाटा नेणारा खोत, अशी ती व्यवस्था होती. तिला आधुनिक अर्थाने भांडवलशाही म्हणता येणार नाही, कारण खोत शेतीत भांडवल गुंतवीत नसे. या व्यवस्थेविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. जमीन न कसण्याचा हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला. सुधारित कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि त्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक झाल्याचे मानण्यात आले.

या लढ्यांचा परिणाम अर्थशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. चळवळीची भाषा समाजवादी होती, १९४७ मध्ये स्थापन झालेल्या शेतकरी कामगार पक्षाचा झेंडाही लाल होता. परंतु जमीन शासनाच्या किंवा सामूहिक मालकीची झाली नाही. ती कसणाऱ्याच्या नावावर सातबाऱ्यावर चढली. म्हणजे डाव्या चळवळीने येथे लहान खासगी मालकांचा एक मोठा वर्ग निर्माण केला. पुढे अर्ध्या शतकानंतर सेझच्या वादात हाच वर्ग निर्णायक ठरला.

खाडीलगतच्या खारभूमीचा प्रश्न यापेक्षा निराळा आहे. समुद्राचे पाणी अडविणारा बांध एका ठिकाणी फुटला तर साऱ्या खारातील भातपीक जाते. त्यामुळे बांधाची देखभाल एकट्या मालकाच्या आवाक्यातली नाही. जुन्या काळी पेण परिसरात 'शिलोत्री' पद्धत होती. तीत बांध राखणाऱ्याला त्याबद्दल धान्याचा वाटा मिळे. स्वातंत्र्यानंतर १९४८ आणि १९७९ च्या कायद्यांनी ही जबाबदारी मोठ्या प्रमाणावर शासनाकडे आली. बाजार जी सेवा पुरवीत नाही ती सामूहिक पातळीवर उभारावी लागते, याचे हे जुने उदाहरण होय. शासकीय बांधाच्या दुरुस्तीस विलंब झाला तर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्नही त्याच व्यवस्थेतून निर्माण झाला.

रोह्याचे देशमुख आणि मिश्र अर्थव्यवस्था

स्वतंत्र भारताने दोन्हींपैकी कोणताही मार्ग पूर्णपणे स्वीकारला नाही. या मधल्या मार्गाच्या उभारणीत चिंतामणराव देशमुख यांचा वाटा मोठा होता. १९४३ ते १९४९ या काळात ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. ही बँक १९३५ मध्ये भागधारकांची खासगी संस्था म्हणून सुरू झाली होती. १ जानेवारी १९४९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले ते देशमुखांच्याच कारकिर्दीत. १९५० मध्ये स्थापन झालेल्या नियोजन आयोगाचे ते सदस्य होते आणि त्याच वर्षी अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. इंपीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर (१९५५) आणि आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण (१९५६) हे निर्णय त्यांच्याच काळातील. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

देशमुख हे साम्यवादी नव्हते. सनदी सेवेतून आलेले ते शिस्तप्रिय अर्थप्रशासक होते. राष्ट्रीयीकरण त्यांच्या हातून झाले यामागे त्या काळाची परिस्थिती होती. अवजड उद्योगांत गुंतविण्याइतके भांडवल खासगी क्षेत्राकडे नव्हते. १९४४ च्या 'बॉम्बे प्लॅन'मध्ये जे. आर. डी. टाटा आणि घनश्यामदास बिर्ला यांच्यासारख्या उद्योगपतींनीही शासनाच्या मोठ्या सहभागाची आवश्यकता मान्य केली होती. १९५५ च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने 'समाजवादी धर्तीच्या समाजरचने'चा ठराव केला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 'समाजवादी' हा शब्द राज्यघटनेच्या उद्देशिकेत आला.

गागोद्याचा तिसरा मार्ग

११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे जन्मलेल्या विनोबांनी बाजार आणि शासन या दोहोंना बाजूला ठेवून उत्तर शोधले. तेलंगणात जमिनीवरून सशस्त्र संघर्ष पेटलेला असताना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे त्यांना पहिले १०० एकरांचे भूदान मिळाले. मालकाने स्वेच्छेने जमीन द्यावी, कायद्याची सक्ती किंवा बंदुकीचा धाक नको, अशी त्यांची भूमिका होती. पुढे ग्रामदानात साऱ्या गावाच्या सामूहिक मालकीची कल्पना आली. देशभरात सुमारे ४० लाख एकर जमीन दानात मिळाली, परंतु त्यातील बरीच जमीन नापीक किंवा वादग्रस्त असल्याने प्रत्यक्ष वाटपापर्यंत पोहोचली नाही. केवळ सद्भावनेवर मालकीहक्काची फेरवाटणी किती दूर नेता येते, याची मर्यादा या प्रयोगाने दाखविली. दुसरीकडे, हिंसेविना लाखो एकर जमीन हस्तांतरित होऊ शकते हेही त्याने दाखविले.

नागोठणे : सरकारी ते खासगी

मालकी बदलल्याने काय बदलते, हे पाहण्यासाठी नागोठण्याचे उदाहरण बोलके आहे. इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन अर्थात आयपीसीएल ही १९६९ मध्ये स्थापन झालेली केंद्र सरकारची कंपनी. बॉम्बे हायच्या नैसर्गिक वायूवर आधारित तिचा प्रकल्प नागोठणे येथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला. मालक शासन असल्याने प्रकल्प अधिक सुरक्षित असेल, असे गृहीत धरता येत नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये येथे झालेल्या भीषण स्फोटात तीसहून अधिक जणांचा बळी गेला.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर निर्गुंतवणुकीचे धोरण आले. २००२ मध्ये केंद्राने आयपीसीएलमधील २६ टक्के भाग व्यवस्थापनासह रिलायन्स समूहाला सुमारे १,४९१ कोटी रुपयांना विकला. या स्पर्धेत इंडियन ऑइल ही सरकारी कंपनीही होती. २००७ मध्ये आयपीसीएल रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली. समर्थकांच्या मते शासनाने कारखाने चालविण्यात भांडवल अडकवू नये. ज्या क्षेत्रात मोठे उत्पादक मोजकेच आहेत, तेथे सरकारी मक्तेदारीची जागा खासगी वर्चस्व घेते, असे टीकाकारांचे म्हणणे आहे.

स्थानिकांच्या दृष्टीने प्रश्न आणखी साधा होता. जमीन घेतली ती सार्वजनिक प्रकल्पासाठी, आणि नोकरीची अपेक्षाही सरकारकडून होती. मालक बदलल्यावर ती अपेक्षा कोणी पूर्ण करायची? २०२० च्या अखेरीस नागोठण्यातील प्रकल्पग्रस्तांनी केलेल्या आंदोलनाच्या मुळाशी हाच प्रश्न होता. कागदोपत्री मालकीचे हस्तांतर एका व्यवहारात पूर्ण होते. गावाला दिलेल्या शब्दाचे हस्तांतर मात्र आपोआप होत नाही.

कुंडलिकेचे पाणी

रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहत ही मिश्र व्यवस्थेचे नमुनेदार उदाहरण म्हणता येईल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ ही १९६२ मध्ये स्थापन झालेली शासकीय संस्था. ती जमीन संपादित करते, रस्ते व पाणी देते आणि त्यावर खासगी रासायनिक कारखाने उभे राहतात. ज्या कुंडलिका नदीवर ही वसाहत अवलंबून आहे, तिला बारमाही पाणी मिळते ते १९२७ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या भिरा जलविद्युत केंद्रामुळे. हे पाणी मुळशी धरणाचे. त्या धरणासाठी खासगी कंपनीला जमीन देण्यास विरोध करणारा मुळशी सत्याग्रह सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात झाला होता. वीज तयार झाल्यावर सोडलेले हेच पाणी पुढे डोलवहाल बंधाऱ्यावरून शासनाच्या कालव्यांतून शेतीला जाते.

म्हणजे धरण खासगी, कालवा सरकारी, शेत शेतकऱ्याचे आणि कारखाना पुन्हा खासगी. नदी मात्र कोणाच्याच ताळेबंदात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचा समावेश होता. उत्पादनाचा जो खर्च कारखानदाराच्या हिशेबात येत नाही आणि इतरांना सोसावा लागतो, त्याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. बाजाराची ही सर्वांत मोठी उणीव मानली जाते. तथापि सोव्हिएत नियोजनाखाली अरल समुद्र आटला, हेही विसरता येत नाही. उत्पादनाचे लक्ष्य गाठणे हेच एकमेव माप ठरले, की मालक कोणीही असो, नदीच्या वाट्याला तेच येते.

सेझ आणि शेतकऱ्यांचा कौल

विशेष आर्थिक क्षेत्र कायदा २००५ मध्ये संमत झाला. त्यानंतर रिलायन्सच्या पुढाकाराने पेण, उरण आणि पनवेल या तालुक्यांतील ४५ गावांत सुमारे १० हजार हेक्टरांवर महामुंबई सेझचा प्रस्ताव आला. जमीन संपादित करण्यासाठी १८९४ चा ब्रिटिशकालीन भूसंपादन कायदा वापरण्यात येत होता. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन आदींच्या पुढाकाराने आणि शेतकरी कामगार पक्षाच्या पाठबळाने त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. पेण तालुक्यातील गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येतात, धरणाचे पाणी शेतीला मिळण्याऐवजी जमीनच का जावी, असा शेतकऱ्यांचा सवाल होता. २१ सप्टेंबर २००८ रोजी जिल्हा प्रशासनाने पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेतला. बहुसंख्य शेतकऱ्यांनी प्रकल्पाविरुद्ध मत नोंदविले. भूसंपादन मुदतीत पूर्ण झाले नाही आणि २००९ नंतर हा प्रकल्प मागे पडला.

या प्रसंगी दोन्ही विचारसरणींची नेहमीची भूमिका उलटी झाली होती. शासनाने सक्तीने जमीन घेणे हे एरवी समाजवादाचे हत्यार मानले जाते. येथे ते खासगी कंपनीसाठी उचलले गेले. खासगी मालमत्तेचा हक्क हा भांडवलशाहीचा पाया. येथे त्याचे रक्षण लाल झेंड्याखालील शेतकरी करीत होते. शुद्ध बाजारव्यवस्था असती, तर कंपनीला प्रत्येक मालकाशी भाव ठरवावा लागला असता आणि नकाराचा मान राखावा लागला असता. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट घातली. देशभरातील अशाच संघर्षांची पार्श्वभूमी त्यामागे होती.

सहकाराची कसोटी

सभासदांचीच मालकी आणि एका सभासदाला एक मत, हे सहकाराचे तत्त्व दोन्ही व्यवस्थांचा सुवर्णमध्य मानले जाते. पेणमध्ये त्याची दुसरी बाजू दिसली. बनावट कर्जप्रकरणांच्या आरोपांनंतर सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. त्या वेळी ठेवींवरील विम्याची मर्यादा १ लाख रुपये होती, ती ५ लाख झाली २०२० मध्ये. मालकी सर्वांची असली आणि हिशेब मात्र कोणीच तपासत नसेल, तर तोटा सर्वांत लहान ठेवीदारावर येतो. सहकाराचे तत्त्व त्यामुळे चुकीचे ठरत नाही. देखरेखीविना ते पुरेसे नाही, एवढेच सिद्ध होते.

बाजाराची उजळ बाजू पाहायची तर पेण, हमरापूर आणि जोहे परिसरातील गणेशमूर्तींचे कारखाने पाहावेत. किती मूर्ती, कोणत्या आकाराच्या, कोणत्या गावासाठी, हे ठरविणारे येथे कोणतेही नियोजन मंडळ नाही. मागील वर्षाची मागणी, कच्च्या मालाचा भाव आणि व्यापाऱ्यांची आगाऊ नोंदणी पाहून शेकडो कारखानदार स्वतंत्रपणे निर्णय घेतात, आणि मूर्ती देशभर व परदेशी वेळेवर पोहोचतात. हायेक यांचा सिद्धांत याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. मात्र शिल्लक राहिलेल्या मूर्तींचा तोटा एकट्या कारखानदाराचा असतो, आणि हंगामी कारागिराला वर्षभराच्या कामाची हमी नसते.

दृष्टिक्षेपात तुलना

मालकी : भांडवलशाहीत खासगी, समाजवादात सामाजिक किंवा शासकीय.
निर्णय : एकीकडे किंमत आणि स्पर्धा, दुसरीकडे नियोजन.
बलस्थान : एकीकडे उपक्रमशीलता, नवनिर्मिती आणि निवडीचे स्वातंत्र्य, दुसरीकडे मूलभूत गरजांची हमी आणि विषमतेवर नियंत्रण.
उणीव : एकीकडे विषमता, मक्तेदारी आणि पर्यावरणाची हानी, दुसरीकडे टंचाई, दप्तरदिरंगाई आणि सत्तेचे केंद्रीकरण.
तोटा : तत्त्वतः एकीकडे गुंतवणूकदाराचा, दुसरीकडे साऱ्या समाजाचा. व्यवहारात दोन्हीकडे तो बहुधा ज्याचा आवाज क्षीण त्याच्याकडे सरकतो.

आजचा प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या विषयाशी संबंधित दोन निकाल दिले. मुंबईतील जुन्या इमारतींच्या वादातून आलेल्या प्रकरणात ५ नोव्हेंबर रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमताने स्पष्ट केले, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' मानता येणार नाही. २५ नोव्हेंबर रोजी उद्देशिकेतील 'समाजवादी' शब्दाला आव्हान देणाऱ्या याचिका न्यायालयाने फेटाळल्या. भारतीय संदर्भात या शब्दाचा अर्थ कल्याणकारी राज्य असा आहे आणि तो खासगी उद्योगाच्या आड येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. देशमुखांच्या काळात आकाराला आलेली मिश्र अर्थव्यवस्था कायद्याच्या दृष्टीने आजही कायम आहे. बदलले आहे ते मिश्रणाचे प्रमाण.

मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील १२४ गावांच्या नव्या शहरासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नियुक्ती केली. त्यापूर्वी जानेवारीत अटल सेतू खुला झाल्याने या भागातील जमिनीला नवे महत्त्व आले आहे. 'तिसरी मुंबई' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेलाही स्थानिक शेतकऱ्यांचा विरोध झाला आहे. या वेळी नियोजनकर्ती संस्था शासकीय आहे, गुंतवणूक मोठ्या प्रमाणात खासगी असेल आणि जमीन कुळकायद्याने मालक झालेल्यांच्या वारसांची आहे. तिला भांडवलशाही म्हणावे की समाजवाद, या वादापेक्षा सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक निकडीचे आहेत ते चार जुने प्रश्न : मालकी कोणाची, निर्णय कोणाचा, नफा कोणाचा आणि तोटा कोणाचा. त्यांची उत्तरे करारात लिहून घेतली जाणार की नाही, यावर या गावांचे पुढील अर्धशतक अवलंबून आहे.